न विचारलेली लाइन क्लिअर

शारजातल्या अल नहदामध्ये मराठी मंडळींचा कोजागिरीचा कार्यक्रम असला, की राजन आठल्ये यांना एक प्रश्न हमखास यायचा. "तुम्ही नक्की काय करता हो?" बाकीच्यांचं सोपं असायचं. कुणी बँकेत, कुणी बांधकामाच्या कंत्राटात, कुणाचा मसाल्यांचा व्यापार. आठल्ये मात्र आधी घोटभर दूध प्यायचे आणि मग म्हणायचे, "युरोपातल्या देशांचे रेल्वे नियामक एकमेकांशी कसं जमवून घेतात, याचा अभ्यास करतो." विचारणारा तोवर भेळेच्या रांगेकडे वळलेला असायचा. वाळवंटात बसून दुसऱ्या खंडातल्या आगगाड्यांच्या पंचांवर जाडजूड अहवाल लिहिणारा माणूस, म्हणजे थट्टेला आयतंच गिऱ्हाईक. त्यांच्या पत्नी साधनाताईंनी तर लोकांना सरळ "ते रेल्वेत आहेत" असं सांगायचं ठरवून टाकलं होतं. त्यावर एका बाईंनी फार निरागसपणे विचारलं होतं, "हो? कुठल्या?"

थट्टा सोडा. काम खोटं नव्हतं, आणि आठल्ये तर मुळीच खोटे नव्हते. एक दुपार सोडली तर. त्या एका दुपारी त्यांनी आपल्या मित्राला एक साधी गोष्ट विचारायची ती विचारली नाही, आणि त्यापायी मित्राची नोकरी गेली. पुढची सगळी वर्षं आठल्ये त्या एका दुपारीच राहिले म्हणायला हरकत नाही.

आठल्ये भुसावळ विभागातले. वरणगावला असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागले, पुढे भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात गेले, आणि पन्नाशी यायच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेऊन २००७ साली दुबईला आले. जुमेरा लेक टॉवर्समधली एक सल्लागार कंपनी. नव्या टॉवरभोवती गाड्या कशा फिरतील, कुठल्या फाटकातून आत येतील, याचे नकाशे करायचे. रुळांचा माणूस पार्किंगला लागला, अशी त्यांनी स्वतःचीच चेष्टा करून घेतली होती. मग २००८ संपता संपता बाजार कोसळला. कागदावरचे टॉवर कागदावरच राहिले. ऑफिसात सकाळी आलं, की एखादी खुर्ची रिकामी दिसायची आणि कुणी तिच्याबद्दल बोलायचं नाही. साधनाताई भाजी आणायला गेल्या, की मेथीच्या जुडीवरची किंमत मोठ्यांदा वाचायच्या, "बारा दिरहम, म्हणजे दीडशे रुपये," आणि जुडी परत ठेवून द्यायच्या.

आठल्ये वाचले ते रेल्वेमुळे. आखातातल्या सहा देशांना जोडणारी एक रेल्वे बांधायचं घाटत होतं. रूळ, पूल, सिग्नल ही मोठी कामं मोठ्या कंपन्यांनी उचलली. आठल्यांच्या कंपनीच्या पानात पडला एक लहानसा घास: गाडी एका देशातून दुसऱ्या देशात गेली की भांडणं होणार, ती कुणी आणि कशी सोडवायची, याचा आराखडा करा. युरोपात हे कसं चालतं ते बघा आणि इथे बसेल असं काही सुचवा. कंपनीत रेल्वेचा वारा लागलेली माणसं दोनच होती. एक आठल्ये. दुसरे लियाकतभाई.

लियाकतभाई पाकिस्तान रेल्वेतले, सिंधमधल्या रोहडी जंक्शनचे. उंच, सावळे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. राहायला आठल्यांच्याच आवारात, समोरच्या टॉवरमध्ये. पहिल्या दिवशी ते आठल्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि नाव सांगायच्या आधी म्हणाले, "लाइन क्लिअर?" आठल्यांच्या तोंडून सवयीने उत्तर निघालं, "कौन सी गाडी?" आणि दोघं असे हसले, की शेजारच्या केबिनमधून माणसं डोकावली.

आता हे काय ते सांगायला हवं. जुन्या पद्धतीत एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनाकडे गाडी सोडायची, तर आधीच्या स्टेशन मास्तरने पुढच्याला फोन करून विचारायचं, लाइन क्लिअर आहे का? पुढचा विचारतो, कुठली गाडी? मग आपला मार्ग मोकळा असल्याची खात्री करून तो एक नंबर देतो. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. तो फक्त त्याच्याकडच्या तक्त्यात असतो. हा नंबर लिहून घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. पुढे काही झालं, तर नंबर ज्याचा, जबाबदारी त्याची. म्हणून न विचारता मनानेच नंबर लिहिणं हे रेल्वेत महापाप. इंग्रज गेले, देश दोन झाले, पण वरणगावला आणि रोहडीला ही रीत तीच राहिली.

त्या दोघांनी ती ऑफिसात आणली. एकाने लिहिलेलं प्रकरण दुसऱ्याने वाचायचं, पटलं तर नंबर द्यायचा. तो नंबर पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहायचा आणि मगच प्रकरण पुढे पाठवायचं. लियाकतभाई पार्टिशनवरून हाक मारायचे, "राजनभाई, लाइन क्लिअर?" इकडून "कौन सी गाडी?" तिकडून "चॅप्टर दो, अप." मग आठल्ये चष्मा वर करून म्हणायचे, "रुको, अभी प्लॅटफॉर्म खाली नहीं है." पोरंसोरं हसायची. हसू देत. त्या ऑफिसात त्या दोघांच्या प्रकरणांत चूक सापडत नसे, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

खरी गंमत पुढे झाली. कामाची तपासणी करायला पाहुण्या तज्ज्ञ म्हणून व्हिएन्नाच्या एक बाई यायच्या. युरोपातल्या एका देशाच्या रेल्वे नियामकाच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत समजावलं. युरोपात रूळ एकाचे असतात आणि त्यावरून गाड्या अनेक कंपन्यांच्या धावतात. कुणाच्या गाडीला कुठली वेळ द्यायची, किती आकार घ्यायचा, यावरून तक्रारी होतात. त्यांचा निवाडा करायला प्रत्येक देशात एक नियामक असतो. तो रेल्वेचाही नाही आणि मंत्र्याचाही नाही. पण गाडी काही एका देशात थांबत नाही. उत्तरेतल्या बंदरातून निघालेली मालगाडी तीन देश ओलांडून इटलीत उतरते. मधल्या एकाने तिची वेळ नाकारली, तर बाकीच्या दोघांनी दिलेली वेळ गेली मातीत. म्हणून २०११ साली पंधराएक देशांच्या नियामकांनी आपणहून एक गट केला. त्यात कुणी कुणाचा साहेब नाही. अध्यक्ष दर वर्षी बदलतो. प्रत्येक जण आपल्या घरी मुखत्यार, पण शेजाऱ्याच्या गाडीला लागेल असा निर्णय द्यायचा, तर आधी शेजाऱ्याला विचारायचं.

"मॅडम," लियाकतभाई म्हणाले, "ही तर लाइन क्लिअर झाली." आणि त्यांनी बाईंना ती सगळी रीत सांगितली. बाईंनी ती दोनदा सांगायला लावली आणि मनापासून हसल्या. त्या संध्याकाळी बदरुन्निसाभाभींनी, म्हणजे लियाकतभाईंच्या पत्नीने, पाठवलेला बिर्याणीचा डबा आणि साधनाताईंच्या पुरणपोळ्या अशी दोन्हींची मेजवानी आठल्यांच्या घरी झाली. आठल्यांची मुलगी मुग्धा तेव्हा अकरावीत होती. ती बाईंना जर्मनमध्ये "गुटन आबेंड" म्हणाली आणि बाई तिच्यावर खूश झाल्या. तो दिवस आठल्यांना पुढे फार आठवायचा, आणि आठवला की ताटावरून उठावंसं वाटायचं.

चौथं प्रकरण लियाकतभाईंचं. साऱ्या अहवालाचा जीव त्यात. त्यातलं मुख्य वाक्य त्यांनी आठवडाभर घासून लिहिलं होतं: सीमेपलीकडे जाणाऱ्या गाडीबाबत निर्णय देण्याआधी प्रत्येक नियामकाने शेजारच्या नियामकाला विचारलंच पाहिजे. त्या 'च'वर, म्हणजे इंग्रजी मसुद्यातल्या 'मस्ट'वर, ते अडून बसले होते. "ये निकाल दिया, तो फिर बचा क्या?" असं म्हणायचे. पहिला मसुदा आठल्यांनी वाचून नंबर दिलाही होता. शेवटचा हात फिरवून ते प्रकरण पाठवायचं, त्याच सुमाराला, २०१२ च्या उन्हाळ्यात, रोहडीहून फोन आला. लियाकतभाईंच्या अम्मी गेल्या. ते मिळेल त्या विमानाने निघून गेले. जाताना आठल्यांच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "चार नंबर देख लेना."

दोन दिवसांनी सुजीत आठल्यांच्या टेबलावर येऊन टेकला. सुजीत हा त्यांचा मॅनेजर. पुण्याचा, वयाने लहान, वाईट नाही, पण सतत घाईत.

"राजनसर, चॅप्टर चारचं जरा बघा ना. क्लायंटकडचा एक जण म्हणतोय, 'मस्ट' शब्द फार हार्ड होतो. सहा मिनिस्ट्रीज आहेत, कुणाला आवडेल असं बाइंडिंग? आपण 'अ‍ॅज कन्व्हीनियंट' करून टाकू. सोयीनुसार विचारावं. बस, एवढंच."

"लियाकतभाईंचा चॅप्टर आहे तो."

"माहितीये. पण ते फ्युनरलला गेलेत, त्यांना आता कुठे डिस्टर्ब करणार? उद्या सबमिशन आहे. तुम्ही दोघं एकच आहात की. तुम्ही ओके केलंत म्हणजे झालं. यल्ला, चला सर, प्लीज."

आठल्यांनी फोन हातात घेतला होता, हे खरं आहे. लियाकतभाईंचं नावही काढलं होतं. मग वाटलं, घरात जनाजा असताना आपण 'मस्ट' काढू का म्हणून विचारायचं? बरं दिसतं का ते? ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजूही होती, आणि ती आठल्यांनी स्वतःलासुद्धा फार वर्षांनी सांगितली. लियाकतभाई 'नाही' म्हणाले असते, तर आठल्यांना सुजीतला 'नाही' म्हणावं लागलं असतं. मुग्धाचं बारावीचं वर्ष, आणि ऑफिसातल्या रिकाम्या खुर्च्या अजून भरल्या नव्हत्या. न विचारण्यात सोय होती. तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला, 'च' काढला, 'सोयीनुसार' घातलं. बदल आठल्यांचा, म्हणजे या वेळी कोपऱ्यात नंबर लियाकतभाईंचा हवा, म्हणून त्यांच्या नावापुढे मनानेच एक नंबर लिहिला. एकसष्ट. भुसावळला त्यांच्या हाताखालच्या एका मास्तरने असाच मनाने नंबर लिहिला होता, तेव्हा आठल्यांनी त्याला सगळ्यांदेखत असा झाडला होता, की बिचारा रडायच्या बेताला आला होता.

लियाकतभाई परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अबू धाबीत बैठक होती. खलिफा सिटीत एका व्हिलामध्ये प्रकल्पाचं ऑफिस थाटलेलं. जाताना गाडी नेहमीप्रमाणे लियाकतभाईंची, शेजारी आठल्ये. वाटेत सगळं बोलणं अम्मींचं झालं. त्या शेवटी काय खात होत्या, कुणाला ओळखत होत्या. आठल्यांनी दोनदा घसा खाकरला, आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं, माणूस आईबद्दल बोलतोय, मध्ये कसं तोंड घालावं. पोहोचल्यावर सांगू म्हणता म्हणता पोहोचले, आणि दारातच सुजीतने सगळ्यांना आत नेलं.

व्हिएन्नाच्या बाईंनी प्रकरणं एकामागून एक घेतली. चौथ्यापाशी थांबल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. वर नाव लियाकतभाईंचं होतं. "सोयीनुसार विचारावं! सोयीनुसारच विचारायचं असेल, तर हा सगळा खटाटोप कशाला? मला लाइन क्लिअर समजावणाऱ्या माणसाने हे लिहावं? ज्याने हे लिहिलंय त्याला आमचं काम कळलेलंच नाही, असं मला म्हणावं लागतंय."

लियाकतभाईंनी शांतपणे आपली प्रत उघडली. वाक्य वाचलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या एकसष्टवर गेली. अक्षर आठल्यांचं. त्यांनी मान वर करून आठल्यांकडे पाहिलं.

रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते वाट पाहत होते. तोंड उघडायला आठल्यांना भरपूर वेळ होता. 'मॅडम, हा बदल मी केलाय,' पाच शब्द. आठल्यांनी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. सुजीत वहीत काहीतरी लिहीत राहिला. क्लायंटच्या माणसाला 'मस्ट' आपल्यालाच खटकला होता हे आठवत असावं, पण त्यानेही मोबाइल काढला. तेवढ्या खोलीत तीन माणसं मूग गिळून बसली होती.

मग लियाकतभाई म्हणाले, "मॅडम, चॅप्टर माझा आहे. नंबरही माझा आहे. दुरुस्त करून देतो."

परतीच्या वाटेवर आठल्यांनी बोलायला सुरुवात केली. "वो सुजीतने... आप वहाँ थे, तो मैंने सोचा..." लियाकतभाईंनी फक्त एक हात स्टिअरिंगवरून उचलला, थांबा अशा अर्थाने. शारजाच्या हद्दीवर रोजच्यासारखी गाड्यांची रांग लागली होती. रांगेत ते एकदाच बोलले. "अम्मी का जनाजा था, राजनभाई. मगर फोन तो जेब में ही था. एक बार पूछ लेते." मग पुढची गाडी सरकली, तशी त्यांनी आपली सरकवली आणि म्हणाले, "मैं हाँ कह देता."

आठल्यांना ते वाक्य त्या वेळी नीटसं कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर तोंड धुताना कळलं. ज्या 'च'साठी लियाकतभाई सगळ्यांशी भांडले असते, तो त्यांनी आठल्यांसाठी सोडला असता. मुग्धाची बारावी त्यांनाही ठाऊक होती. फक्त विचारायला हवं होतं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं तेव्हा क्लायंटचा निरोप येऊन पडला होता: चौथ्या प्रकरणाचा लेखक बदला. त्या दिवसांत टीमबाहेर गेलेल्या माणसाला ठेवायला कंपनीकडे दुसरी जागा नव्हती. टीममधून गेला तो नोकरीतून गेला, आणि नोकरीतून गेला त्याचा व्हिसाही गेला. आठल्ये तडक सुजीतच्या केबिनमध्ये गेले. हेही खरं आहे, आणि हे त्यांच्या बाजूने मोजायचं तर मोजावं.

"मी लिहून देतो, बदल माझा होता."

सुजीतने दार लावून घेतलं. "सर, द्या लिहून. मग काय होईल? ते म्हणतील, एकाने नाव दिलं, दुसऱ्याने खोटा नंबर टाकला, दोघंही नकोत. लियाकतभाई वाचणार नाहीत, तुम्ही जाल. मुग्धाचं काय करणार या वर्षात? ते खलास झालंय, सर. सॉरी."

आठल्ये आपल्या टेबलाशी जाऊन बसले. सुजीत म्हणाला ते बहुधा बरोबरच होतं. पण बरोबर असो वा नसो, ते ठरवायचा हक्क त्या दोघांचा नव्हता. निदान लियाकतभाईंना विचारायला हवं होतं, की मी बोलू का. म्हणजे आठल्यांनी तीच चूक दुसऱ्यांदा केली, आणि या वेळी घरात जनाजाही नव्हता.

लियाकतभाईंनी मुलांची परीक्षा होईपर्यंत कसाबसा दम काढला. बदरुन्निसाभाभी आपला मोठा कुकर आणि कढीपत्त्याची कुंडी साधनाताईंना द्यायला आल्या. "अचानक कसं काय हो, भाभी?" साधनाताईंनी विचारलं. "बस, दाना-पानी उठ गया," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत आठल्ये भर दुपारी डोक्यावर पांघरूण घेऊन पडले होते. ताप आहे असं त्यांनी सांगितलं होतं. निघायच्या दिवशी विमानतळावर साधनाताई आणि मुग्धा गेल्या. आठल्यांना मीटिंग होती. नसती, तरी त्यांनी काढली असती.

त्यानंतर आठल्यांनी चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं, म्हणजे लियाकतभाईंचं जुनं वाक्य जसंच्या तसं परत घातलं. बाईंनी शाबासकी दिली. या वेळी क्लायंटही काही बोलला नाही. त्या 'मस्ट'ने कुणाचं घोडं अडलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अहवालावर आठल्यांचं एकट्याचं नाव आलं, पुढे त्यांना विभागाचं प्रमुखपदही मिळालं. त्यांनी त्या पदाचे पेढे वाटले नाहीत. साधनाताईंना त्याचं नवल वाटलं, पण आठल्ये पित्त वाढलंय म्हणाले.

आणि रेल्वे? तेलाचा भाव उतरला, सहा देशांचे मनसुबे आपापल्या वाटेने गेले. २०१६ च्या सुमाराला सीमा ओलांडायचं काम थंड्या बस्त्यात पडलं. सीमेपर्यंत रूळच गेले नाहीत, मग सीमेवरच्या भांडणाचे पंच कुठून यायचे? आठल्यांचा अहवाल सहा प्रतींत सहा ठिकाणी गेला आणि तिथेच राहिला. ज्या वाक्यासाठी एका माणसाचं बिऱ्हाड उठलं, ते वाक्य कुणी वापरलंच नाही. आठल्यांना याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटण्याचीही लाज वाटायची. रेल्वे झाली असती तर निदान म्हणता आलं असतं, की काहीतरी झालं.

२०१८ ला आठल्यांना साठ पूर्ण झाली. नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिकडे जायचं ठरलं. खोकी भरणं चालू असताना व्हिएन्नाच्या बाईंची ईमेल आली. त्या आता थकल्या होत्या, तरी अधूनमधून शिकवायला जात. त्यांच्या गटात देश वाढले होते, भांडतातही पुष्कळ, पण विचारतात, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ: तुमच्या त्या सहकाऱ्याने सांगितलेली लाइन क्लिअरची गोष्ट मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते. मी त्या दिवशी त्यांना फार लागेल असं बोलले, ते मनातून जात नाही. ते कसे आहेत?

आठल्ये खोक्यावर बसले आणि त्यांनी साधनाताईंना सगळं सांगितलं. मुग्धा सुट्टीला आली होती, तीही दारात उभी राहून ऐकत होती.

साधनाताई बराच वेळ वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत राहिल्या. मग एकदम भडकल्या. "आणि मी बदरुन्निसाला विमानतळावर म्हणतेय, कळवत राहा हं, विसरू नका! त्या काय म्हणाल्या असतील मनात? तो कुकर मी सहा वर्षं वापरला, राजन. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी स्वतः गेले असते त्यांच्याकडे." लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. त्यांनी नवऱ्याला अशी नावाने हाक पहिल्यांदाच मारली होती.

"बाबा, जस्ट कॉल हिम," मुग्धा म्हणाली. "वन्स यू आर इन नाशिक, यू नेव्हर विल."

ते खरंच होतं. शारजाहून रोहडीला फोन लावणं म्हणजे शेजारच्या गल्लीत लावल्यासारखं. नाशिकहून पाकिस्तानात फोन करायचा म्हटलं, की माणूस दहा वेळा विचार करतो आणि अकराव्यांदा करत नाही. आठल्यांनी नंबर शोधला. वर्तमानपत्राचा एक कागद पुढ्यात ओढला आणि पेन हातात घेतलं. ते कशासाठी, ते साधनाताईंना समजलं नाही.

तिकडे फोन लगेच उचलला गेला. आवाज तोच, जरा खोल गेलेला. "जी?"

काय बोलायचं ते आठल्यांनी सहा वर्षं पाठ करून ठेवलं होतं. माझी चूक झाली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. ते म्हणाले, "लियाकतभाई, लाइन क्लिअर?"

पलीकडे मागे कुठेतरी लहान मूल हसत होतं, नातवंड असावं. मग सावकाश आवाज आला, "कौन सी गाडी?"

आठल्ये म्हणाले, "गाडी कोई नहीं, भाई. वो रेल तो बनी ही नहीं. बस... पूछना था. उस दिन नहीं पूछा था."

"हाँ," लियाकतभाई म्हणाले. "नहीं पूछा था."

पुढे ते पुष्कळ बोलले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मुग्धा काय करते, तिने जर्मन सोडलं की काय, साधनाभाभींचे गुडघे कसे आहेत. त्यांनी रोहडीला येऊन मोबाइलचं दुकान टाकलं होतं, आता मुलगा पाहतो. बदरुन्निसाने सलाम सांगितला आहे. व्हिएन्नाच्या मॅडमना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही जे वाचलं त्यावर बोललात. आठल्ये "हो, हो" म्हणत होते. प्रत्येक वाक्य संपलं, की पेनाचं टोक कागदाला टेकवत होते. आता येईल, आता येईल. एक आकडा. कुठलाही चालला असता.

"अच्छा राजनभाई," शेवटी लियाकतभाई म्हणाले, "दुकान का टाइम हो गया. वतन पहुँच कर खैरियत बता देना." आणि त्यांनी फोन ठेवला.

साधनाताईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"सगळ्यांची चौकशी केली," आठल्ये म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, नंबर न पडलेला तो कागद हाताने सरळ केला आणि कुकर गुंडाळायला त्यांच्याकडे दिला.